नामानाचें झांकलेलें दुखणें

शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय ५, यशया, अध्याय ५६, प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ८.



अराम देशाच्या सेनापतीची गोष्ट आपल्या मुलांनासुद्धां पाठ आहे. शब्बाथ शाळेंत ती सांगतांना सगळा भर यार्देन नदींतील सात बुड्यांवर पडतो, आणि मुलें बोटांवर सात मोजीत घरीं जातात. आज त्या नदीपर्यंत पोंचण्याची मला घाई नाहीं. गोष्टीच्या आरंभापाशींच आपण थोडा वेळ बसूं. नामान सेनापति होता, राजाच्या मर्जींतला होता, लढाया जिंकून आलेला होता. आणि त्याच्या अंगावर कोड होतें. चिलखत साऱ्या देशानें पाहिलें होतें. चिलखताखालचें दुखणें फक्त घरच्यांना ठाऊक होतें.

त्या घरांत पहिला उपयोगी शब्द कोणी काढला? वैद्यानें नाहीं, राजानें नाहीं, खुद्द नामानानें तर नाहींच. लढाईंत धरून आणलेली एक परकी पोर धनिणीच्या हाताखालीं राबत होती. तिनें धनिणीपाशीं गोष्ट काढली. ती गोष्ट नामानाच्या कानीं गेली, आणि नामानानें ती राजाला सांगितली. याप्रमाणें झांकलेलें दुखणें एका तोंडांतून दुसऱ्या तोंडीं जात योग्य ठिकाणीं पोंचलें. त्या पोरीनें लाजून तोंड मिटलें असतें, तर नामान चिलखतासकट मेला असता.

ज्या दुखण्याविषयीं मी आज बोलणार आहें तें पुरुषांचें आहे, आणि तें असल्या जागीं आहे कीं त्याचें नांव घ्यावयास आमचे लोक कचरतात. प्रोस्टेट नांवाच्या ग्रंथीचा कर्करोग, हें तें दुखणें. असा विषय उपासनेंत काढणें कांहीं वडील माणसांस रुचणार नाहीं, हें मी जाणतों. परंतु पवित्र शास्त्र या बाबतींत आमच्याइतकें सोंवळें नाहीं. त्यांत सुंता आहे, बारा वर्षांचा रक्तस्राव आहे, वांझपणा आहे, षंढ आहेत, आणि यहोराम राजाच्या आंतड्यांचा रोगसुद्धां आहे. हें सर्व आपण मुलाबाळांसमोर मोठ्यानें वाचतों. मग घरांतल्या म्हाताऱ्या बापाच्या लघवीविषयीं बोलतांनाच आपली मान खालीं कां जावी?

ही ग्रंथी पुरुषमात्राला असते. मूत्राशयाच्या तोंडाशीं, लघवीच्या नळीभोंवतीं ती बसलेली असते. तरुणपणीं तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा. वीर्यांतील कांहीं द्रव ती तयार करते. वय वाढतें तशी पुष्कळांची ही ग्रंथी वाढते आणि नळीला आवळते. मग रात्रीं तीनचार वेळां उठावें लागतें, धार बारीक होते, सुरू व्हावयास वेळ लागतो, आणि झाली तरी पुरी झाल्यासारखें वाटत नाहीं. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्या, नाहींतर माझें बोलणें ऐकून अर्धें गांव भीतीनेंच आजारी पडेल. अशी वाढ बहुतेक वेळां साधी असते. ती कर्करोग नव्हे. तिच्यावर गोळ्या आहेत, शस्त्रक्रियाही आहे. २०२४ च्या जानेवारींत इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांनीं आपल्या अशाच साध्या वाढीवर उपचार होणार असल्याचें जाहीर केलें, आणि इतर पुरुषांनींही तपासून घ्यावें हाच तें जाहीर करण्याचा एक हेतु होता.

कर्करोगाची रीत निराळी. तो आरंभीं बहुधा कांहींच जाणवूं देत नाहीं. पुष्कळदां तो ग्रंथीच्या बाहेरच्या कडेस वाढत राहतो. लघवी ठीक, भूक ठीक, मनुष्य नांगर धरतो. तेव्हां त्रास आहे म्हणून रोग असेलच असें नाहीं, आणि त्रास नाहीं म्हणून रोग नसेलच असेंही नाहीं. हें उकलण्याचें काम वैद्याचें आहे. आमच्याकडे मात्र लघवीच्या सर्व तक्रारींना एकच नांव आहे : उन्हाळी लागली. मग धने-जिऱ्याचें पाणी, सब्जा, आणि फारच झालें तर शेजाऱ्याच्या मुतखड्याची उरलेली गोळी. तरण्या माणसाला वैशाखाच्या उन्हांत खरोखर उन्हाळी लागली असेल तर पाण्यानें बरें वाटतें, त्यांत वाद नाहीं. पण भाद्रपदांत, छपरावर धारा कोसळत असतां, पासष्टीच्या म्हाताऱ्याला उन्हाळी कोठून लागणार?

किन्हवलीकडचा म्हणा, डोळखांबचा म्हणा, धसई-टोकावड्याचा म्हणा, असा एक पासष्ट वर्षांचा शेतकरी डोळ्यांपुढें आणा. कोणा एकाचें चित्र मी काढीत नाहीं. असे पुष्कळ आहेत. रात्रीं उठतांना सून जागी होते, म्हणून तो ओसरीवर निजूं लागतो. मुरबाडहून कल्याणची एस. टी. धरली तर वाटेंत गाडी थांबवा असें कसें म्हणावें, म्हणून बाहेरगांवीं जाणें सोडतो. उपासनेलाही दाराजवळ बसतो आणि मध्येंच उठून जातो. आपण म्हणतों, बाबांचें मन आतां प्रार्थनेंत नाहीं. पुढें कंबर दुखूं लागते. आवणीच्या दिवसांत कंबर कोणाची दुखत नाहीं? तेल चोळतात, बिब्ब्याचे चटके देतात, एक चोळणारा झाला कीं दुसऱ्याकडे नेतात. असे महिने जातात, आणि एके सकाळीं त्याचे पाय उचलत नाहींत.

हा कर्करोग पसरूं लागला म्हणजे हाडांत शिरण्याची त्याची खोड आहे, विशेषतः कण्याच्या व कटीच्या हाडांत. कण्यांत वाढून त्यानें मज्जारज्जू दाबला म्हणजे पाय लुळे पडतात, लघवीचा व शौचाचा ताबा जातो. येथें घटका मोजाव्या लागतात. म्हाताऱ्या पुरुषाच्या पाठींत न थांबणारी कळ आणि पायांतील बळ एकाएकीं नाहींसें होणें, हीं दोन एकत्र दिसलीं कीं त्याच दिवशीं गाडी करून रुग्णालयांत न्यावें. चोळणाऱ्यास हात लावूं देऊं नये. वेळेवर उपचार मिळाले तर पाय वांचूं शकतात. पाय पूर्ण गेल्यावर ते बहुधा परत येत नाहींत.

आतां तपासणी. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयांत किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयांत आधीं दाखवावें. पुढें कोठें जावयाचें त्याची चिठ्ठी तेथून घ्यावी. डॉक्टर गुदद्वारांतून बोट घालून ग्रंथी मऊ आहे कीं कठीण तें पाहतात. एक मिनिटाचें काम आहे, आणि याच एका मिनिटाच्या लाजेनें पुष्कळ पुरुष दारांतून परत फिरतात. दुसरी तपासणी रक्ताची. पी. एस. ए. नांवाचा एक पदार्थ त्या ग्रंथींतच तयार होतो व थोडा रक्तांत उतरतो. रक्ताच्या एका मिलिलिटरांत तो ४ नॅनोग्रॅमपर्यंत असला तर साधारण ठीक, असा जुना ठोकताळा आहे. पण तो ठोकताळाच. साधी वाढ, लघवींतील जंतु, नुकतीच घातलेली नळी, यांनींही आंकडा चढतो; आणि कधीं कधीं आंकडा खालीं असतांही रोग असतो. म्हणून प्रयोगशाळेचा कागद हातीं येतांच रडत बसूं नये, आणि पेढेही वांटूं नयेत.

मग सर्वच पुरुषांनीं हें रक्त तपासून घ्यावें काय? या प्रश्नावर मोठमोठ्या वैद्यांतही मतभेद आहेत, आणि त्याला सबळ कारण आहे. ब्रिटनमध्यें १९९९ ते २००९ या काळांत रक्त-तपासणीवरून रोग सांपडलेल्या, परंतु रोग ग्रंथीपुरताच असलेल्या, १,६४३ पुरुषांचे तीन गट केले. एका गटावर नुसती नजर ठेवली, दुसऱ्याची शस्त्रक्रिया केली, तिसऱ्यास किरणांचा शेक दिला. पंधरा वर्षांनीं पाहतां, तिन्ही गटांत या रोगानें मेलेले शेंकडा सुमारें तीनच निघाले. म्हणजे पुष्कळांचा हा रोग कांसवाच्या चालीचा असतो. तो मनुष्याबरोबर म्हातारा होतो, आणि मनुष्य दुसऱ्याच कारणानें देवाघरीं जातो. अशांना उगाच कापलें तर लघवी गळणें व पुरुषशक्ति जाणें एवढेंच पदरीं पडतें.

पण हा हिशेब आपल्या ओसरीवरच्या बाबांस लावूं नका. ते पुरुष त्रास होण्याआधीं सांपडलेले होते. आपले बाबा कंबर धरून येतात. शिवाय, शासनाच्या सार्वत्रिक तपासणींत तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा असे तीन कर्करोग येतात. हा येत नाहीं. तेव्हां दारीं येणाऱ्या आशाताई याविषयीं आपण होऊन विचारतील अशी वाट पाहूं नये. माझें मत विचाराल तर, पन्नाशी उलटल्यावर ज्याला लघवीचा नवा त्रास सुरू झाला त्यानें डॉक्टरांस दाखवावेंच. ज्याच्या बापास किंवा सख्ख्या भावास हा रोग झाला, त्यानें त्रास नसतांही, पन्नाशीच्या आधींच, विचारून घ्यावें. आणि ऐंशी उलटलेल्या, आनंदानें हिंडत्याफिरत्या आजोबांना केवळ भीतीपोटीं कोणीं रक्त काढावयास ओढून नेऊं नये.

आंकडा चढलेला असला किंवा बोटाला ग्रंथी कठीण लागली, तर एम. आर. आय. नांवाचें चित्र काढतात आणि सुईनें ग्रंथीचे बारीक तुकडे घेऊन तपासतात. सुई लागली कीं कॅन्सर पसरतो, ही समजूत आपल्या भागांत फार खोल गेली आहे. या भीतीनें लोक डॉक्टरांची चिठ्ठी महिनोन्महिने घरींच ठेवतात, आणि रोग मात्र सुईची वाट न पाहतां वाढतो. तुकडा तपासल्यावांचून रोगाचें नांव सहसा ठरत नाहीं. तो किती उग्र आहे तेंही त्यावरूनच कळतें. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन वैद्यानें १९६६ सालीं मांडलेली मोजणी थोड्या फेरानें आजही चालते. कागदावर ग्लीसन ६ असेल तर रोग सौम्य, ८, ९ किंवा १० असेल तर उग्र, ७ मधला.

येथें नामान पुन्हां आठवतो. एवढा सेनापति रथ-घोडे घेऊन अलीशाच्या दारीं उभा राहिला, आणि संदेष्टा बाहेरसुद्धां आला नाहीं. चाकराकडून निरोप पाठविला. नामान रागावला आणि परत निघाला. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत आपल्या मनुष्याचें हेंच होतें. पहांटेची लोकल धरून तो येतो, या खिडकीवरून त्या खिडकीवर जातो, चार तास बांकावर बसतो. डॉक्टर पांच मिनिटें पाहतात, त्यांतलीं तीन कागद वाचण्यांत जातात. बाबा म्हणतो, मला कोणी विचारलेंच नाहीं, चला घरीं. त्या वेळीं नामानाजवळ शहाणे चाकर होते. त्यांनीं धन्याची समजूत घातली, राग उतरूं दिला, आणि त्याला नदीकडे वळविलें. आपल्या बाबाजवळ त्या बांकावर तसा कोणी असतो काय? पुष्कळदां तो एकटाच असतो, आणि संध्याकाळीं कसारा गाडीनें आसनगांवला उतरून घरीं सांगतो कीं कांहीं नाहीं, सर्व ठीक आहे.

परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. दोराबजी टाटा यांची पत्नी मेहरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढल्याच वर्षीं दोराबजीही गेले. त्यांच्या नांवाच्या विश्वस्त निधींतून हें रुग्णालय उभें राहिलें. आज तें भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाखालीं चालतें, आणि त्याची दुसरी शाखा खारघरला आहे. तेथें जातांना रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्यावें, आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रास प्रथम भेटावें. जे उपचार योजनेंत बसतात त्यांचा खर्च तींतून होतो. राहण्याची पंचाईत असेल तर दादरला गाडगे महाराजांच्या नांवें चालणारी धर्मशाळा टाटा रुग्णालयांतील रोग्यांस व त्यांच्या नातलगांस जागा देते. ज्या साधूनें खराटा हातीं घेऊन गांवें झाडलीं, त्याच्या नांवाच्या छपराखालीं आपली माणसें निजतात, हें मला फार गोड वाटतें.

उपचारांचे प्रकार थोडक्यांत असे. सौम्य रोगावर नुसती नजर ठेवतात. वेळोवेळीं रक्त व तुकडे तपासतात. ग्रंथीपुरता रोग असेल तर ग्रंथी काढतात किंवा किरणें देतात. त्या किरणांस आमचे लोक शेक किंवा लाईट म्हणतात. त्यानें अंग भाजत नाहीं आणि टेबलावर कांहीं जाणवतही नाहीं, मात्र लघवीस जळजळ व पोटाला ढाळ कांहीं दिवस होऊं शकतात. रोग उग्र किंवा पसरलेला असेल तर त्याचें खाद्य तोडावें लागतें. त्याविषयीं पुढें सांगतों.

आधीं एका मनुष्याची हकीकत ऐका. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेझमंड टूटू यांना १९९७ सालीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, हा रोग असल्याचें कळलें. त्या वेळीं ते सत्य व समेट आयोगाचे अध्यक्ष होते. वर्णभेदाच्या राज्यांत ज्यांचीं मुलें मारलीं गेलीं त्या आया, ज्यांचा कोठडींत छळ झाला ते पुरुष, त्या आयोगापुढें येऊन भर सभेंत आपली कहाणी सांगत. जें झांकून ठेवलें आहे तें बोलल्यावांचून देशाची जखम भरणार नाहीं, या विश्वासावर तें सारें काम उभें होतें. मग आपल्याच शरीरांतील गोष्ट ते कशी झांकतील? त्यांनीं रोग जाहीर केला, उपचार घेतले, आणि काम पुरें करून २९ ऑक्टोबर १९९८ रोजीं आयोगाचा अहवाल राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांच्या हातीं दिला. रोगानें पुढें पुन्हां डोकें वर काढलें. रुग्णालयाच्या वाऱ्या त्यांना चुकल्या नाहींत. तरी निदानानंतर चोवीस वर्षांहून अधिक काळ ते उपदेश करीत, हंसत व राज्यकर्त्यांना खडसावीत जगले, आणि २६ डिसेंबर २०२१ रोजीं, नव्वद वर्षांचे होऊन, प्रभूकडे गेले. मंडेला यांनाही २००१ सालीं तोच रोग निघाला. त्यांनीं शेक घेतला व २०१३ पर्यंत, पंचाण्णव वर्षांचे होऊन, जगले.

कोणी म्हणेल, ते मोठे लोक, त्यांना मोठे वैद्य मिळाले, आमचें काय? तर परळकडची गोष्ट सांगतों. टाटा रुग्णालयांत २०११ ते २०१७ या वर्षांत, रोग उग्र असलेल्या परंतु दूर न पसरलेल्या २२४ पुरुषांवर एक अभ्यास झाला. सर्वांना किमान दोन वर्षें रोगाचें खाद्य तोडण्याचा उपचार व पंचवीस बैठकांचा शेक दिला. निम्म्यांस केवळ ग्रंथीवर, निम्म्यांस ग्रंथीबरोबर कटीच्या पोकळींतील गांठींवरही. पांच वर्षांनीं पाहतां, दुसऱ्या गटांतील शेंकडा ९५ जणांत रोग परतल्याची खूण रक्तांत दिसली नाहीं. पहिल्या गटांत हें प्रमाण शेंकडा ८१ होतें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाची दखल परदेशींच्या वैद्यांनीं घेतली. आपल्याच देशांतील पुरुषांवर, आपल्याच लोकल गाडीच्या वाटेवर, हें झालें. रोग उग्र आहे असें कळतांच आतां काय उरलें म्हणून हात टेकणारांनीं हे आंकडे लक्षांत ठेवावे.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सर्व बोललों तिच्याकडे येतों. हा रोग पुरुषत्वाच्या रसावर पोसतो. टेस्टोस्टेरॉन असें त्या रसाचें नांव. तो मुख्यतः वृषणांत तयार होतो. शिकागो येथील शस्त्रवैद्य चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ सालीं, म्हणजे परळचें रुग्णालय उघडलें त्याच वर्षीं, दाखवून दिलें कीं वृषण काढले असतां पसरलेला रोगसुद्धां मागें हटतो आणि हाडांच्या वेदना कमी होतात. या शोधाबद्दल त्यांस १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हल्लीं हेंच काम इंजेक्शनांनींही होतें. तीं महिन्यानें किंवा तीन महिन्यांनीं, पसरलेल्या रोगांत वर्षानुवर्षें, घ्यावीं लागतात. शस्त्रक्रिया लहान असते, एकदांच होते, आणि स्वस्त पडते. डॉक्टर दोन्ही मार्ग पुढें ठेवतात. ज्याला माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावरून सारखें मुंबईस जाणें शक्य नाहीं, त्याला पुष्कळदां शस्त्रक्रियेचाच सल्ला मिळतो.

तेथें आपला बाबा थांबतो. शेतकऱ्याला खच्ची करणें म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. आपल्या गोऱ्ह्यांना त्यानें तें करविलेलें असतें. आपण आतां जुवाखालचा बैल होणार, गांव हंसणार, बायको मनांत काय म्हणेल, मेल्यावर देवापुढें कोणत्या अंगानें उभें राहूं, असे विचार त्याच्या डोक्यांत फिरतात आणि त्यांतला एकही तो बोलून दाखवीत नाहीं. कागदावर अंगठा देण्याऐवजीं तो म्हणतो, शेतीचीं कामें आटोपल्यावर येतों. तो परत येत नाहीं.

शास्त्राची भीति घालणाराही कोणी भेटतो. अनुवादाच्या २३ व्या अध्यायांत अशा मनुष्याला प्रभूच्या मंडळींत घेण्याची मनाई आहे, हें खरें. तें मी झांकीत नाहीं. परंतु पुस्तक तेथें संपत नाहीं. यशयाच्या ५६ व्या अध्यायांत षंढ स्वतःला वाळलेलें झाड समजतो, आणि देव त्याला तसें म्हणूं देत नाहीं. पुत्र व कन्या यांच्यामुळें राहतें त्याहून मोठें नांव, आणि तेंही आपल्या घराच्या भिंतींच्या आंत, देव त्याला देऊं करतो. मग कृत्यांच्या ८ व्या अध्यायांतील कूश देशचा अधिकारी पाहा. तो यरुशलेमेस उपासनेला जाऊन परतत होता, आणि रथांत बसून याच यशयाचा ५३ वा अध्याय वाचीत होता. आणखी तीन अध्याय पुढें गेला असता तर त्याला स्वतःविषयींचाच मजकूर सांपडला असता! फिलिप्पानें त्याला येशूची वार्ता सांगितली. वाटेंत पाणी लागलें. रथ थांबला आणि दोघे पाण्यांत उतरले. त्याच्या शरीराविषयीं फिलिप्पानें चौकशी केल्याचें कोठेंही लिहिलेलें नाहीं.

तेव्हां ज्या भावानें जीव वांचविण्यासाठीं ही शस्त्रक्रिया करून घेतली, तो मंडळींत पूर्वी जेथें बसत होता तेथेंच बसेल. वडील असेल तर वडीलच राहील, भोजनाचें ताट फिरवीत असेल तर फिरवीलच. यावर कोणी विनोद केला, तर पाळकानें त्यास त्याच दिवशीं, एकांतीं, कानउघाडणी करावी.

त्रास काय होतील तेंही त्याला आधीं स्पष्ट सांगावें. एकदम अंगांतून वाफ निघाल्यासारखें होऊन घाम सुटतो, पुरुषाची इच्छा मावळते, अंगबळ कमी होतें, हाडें ठिसूळ होऊं लागतात, मन उदास राहतें. आवाज बदलत नाहीं. कपडे घातल्यावर बाहेरून कोणास कांहीं कळत नाहीं. या उपायानें पसरलेला रोग समूळ जात नाहीं. पण बहुतेकांचा दबतो, आणि कित्येकांचा वर्षानुवर्षें. पुन्हां उठला तर आणखी औषधें आहेत; त्यांतील ॲबिराटेरॉन नांवाच्या गोळ्या भारतांतही बनतात. इतकें सांगून मग निर्णय त्याचा. शस्त्रक्रियेऐवजीं इंजेक्शनें हवींत म्हणाला, तर प्रवासाची सोय आपण पाहावी.

बायांनो, आतां तुमच्याशीं बोलतों. सून सासऱ्याशीं असें बोलूं शकत नाहीं, हें मला कळतें. पण बाबा रात्रीं किती वेळां उठतात हें घरांत सर्वांआधीं तिलाच ठाऊक असतें. ती सासूला सांगूं शकते, आणि सासू नवऱ्याला. नामानाच्या घरीं गोष्ट याच वाटेनें गेली. आणि ज्या बहिणीच्या नवऱ्यावर हा उपचार झाला आहे, तिनें त्याच्याजवळ अधिक बसावें. त्यानें चिडून उत्तर दिलें तरी बसावें. तो चिडला आहे तो रोगावर.

उपदेशक बंधूंनीं घरभेटीच्या वेळीं, चारचौघांत नव्हे, तर बाबांस बांधापर्यंत चालत नेऊन, सरळ विचारावें : बाबा, रात्रीं किती वेळां उठावें लागतें? लघवींत कधीं रक्त दिसलें काय? कंबर कामानें दुखते, कीं निजल्यावरही दुखते? तीन प्रश्नांना फार वेळ लागत नाहीं. उत्तर लांबलें तर ऐकून घ्यावें. पहिल्या खेपेस रुग्णालयांत बरोबर जावें, किंवा मंडळींतला वाचतां येणारा एखादा तरुण द्यावा. त्या तरुणाचें तिकीट व दुपारचें जेवण दानपेटींतून झालें तर मला त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं.

नामान परततांना दोन खेंचरांच्या ओझ्याइतकी माती मागून घेऊन गेला. आपला मनुष्य परळहून एक जाडजूड फाईल घेऊन येतो. ती आढ्याला खोंचूं नये. तेथें गळतें, आणि उंदीरही असतात. प्लास्टिकच्या पिशवींत घालून पत्र्याच्या पेटींत ठेवावी, कारण पुढच्या खेपेस तिच्यावांचून सारा दिवस फुकट जातो. तींत पुढच्या रक्त-तपासणीची तारीख लिहिलेली असते, बहुधा तीन महिन्यांनंतरची. ती तारीख उपदेशकानें आपल्या वहींतही उतरून घ्यावी, आणि आदल्या आठवड्यांत बाबांच्या घरीं जाऊन यावें.